बोस्टनची पेटी, जळगावचा सूर

१९०६ साली खानदेश जिल्ह्याची वाटणी झाली. पूर्व खानदेशाची कचेरी जळगावला आली, पश्चिम खानदेशाची धुळ्यालाच राहिली. पुढच्याच वर्षी, १९०७ मध्ये, नव्याने जिल्ह्याचे ठिकाण झालेल्या जळगावात महाराष्ट्रातले पहिले कविसंमेलन भरले. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. लष्करी वैद्यकीय खात्यातले कर्नल, वनस्पतिशास्त्राचे जाणकार आणि कवितेचे वेडे. धरणगावच्या एका सोळा-सतरा वर्षांच्या मुलाची कविता ऐकून त्यांनी त्याला ‘बालकवी’ म्हटले, आणि त्र्यंबक बापूजी ठोंबरे हे नाव पुढे या पदवीखाली झाकूनच गेले. ही हकीकत शाळेतल्या पुस्तकांतून सर्वांना ठाऊक आहे. त्या संमेलनाला आलेल्या आणखी एका माणसाच्या कामाची आठवण मात्र खानदेशात क्वचितच निघते. रेव्हरंड नारायण वामन टिळक त्या काळात मराठी चर्चसाठी गाणी रचत होते, आणि मराठी ख्रिस्ती माणसाने देवापुढे कोणत्या चालीत गावे हा त्यांच्या जिवाला लागलेला प्रश्न होता.

जळगावनंतर टिळकांनी ठोंबऱ्यांना नगरला आपल्या घरी नेले. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त या मुलाबद्दल ज्या मायेने लिहिले आहे, ती वाचणाऱ्याच्या लक्षात राहते. धर्मांतर केलेल्या एका कोकणस्थाच्या घरात खानदेशातला एक ब्राह्मण मुलगा मुलासारखा राहतो, त्याच घरात प्रार्थनागीते तयार होतात, भजने बसवली जातात. टिळकांच्या गाण्यांचा इतिहास सांगायचा तर तो नगरपासून सुरू करावा लागतो, आणि नगरच्याही मागे थेट अमेरिकेतल्या बोस्टनपर्यंत जावे लागते.

अमेरिकन मिशनचे पहिले लोक, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले. त्यांना पाठवणाऱ्या मंडळाचे मुख्य कार्यालय बोस्टनला होते. १८३१ मध्ये मिशनने नगरला ठाणे केले. त्याच बोस्टनमध्ये तेव्हा लोवेल मेसन नावाचा एक संगीतकार चर्चच्या गाण्याला नवी शिस्त लावत होता. १७९२ साली जन्मलेल्या मेसनने हजाराहून जास्त प्रार्थनागीतांना चाली दिल्या किंवा जुन्या चाली नव्याने बांधल्या. चार आवाजांत बसणाऱ्या, साध्या, कोणालाही उचलता येतील अशा चाली. त्यांतली एक ‘मिशनरी हिम’ या नावानेच ओळखली जाते. कलकत्त्याचे बिशप झालेल्या रेजिनाल्ड हेबर यांच्या गीताला मेसनने ती दिली होती, आणि त्या गीतात हिंदुस्थानच्या किनाऱ्याचा उल्लेख आहे. त्यानंतरचे मिशनरी जहाजात बसले ते या चाली तोंडात घेऊनच.

नगरला आल्यावर त्यांनी त्या चालींत मराठी शब्द बसवायला घेतले. १८४२ साली ‘ज्ञानोदय’ सुरू करणारे हेन्री बॅलन्टाइन यांनी अशी पुष्कळ गीते रचली. मराठी त्यांना चांगली येत होती. मेहनतही खरी होती. तरी गाणे बसेना, आणि त्याचे कारण भाषेच्या चालण्यातच होते. इंग्रजी पद्य आघातावर चालते. कोणत्या अक्षरावर जोर येतो ते तिथे महत्त्वाचे. मराठी पद्य चालते ते अक्षरांच्या मोजणीवर किंवा लघु-गुरूंच्या मात्रांवर. ‘प्रभू’ हा शब्द घ्या. त्यात ‘भू’ लांबवायचा, ‘प्र’ पटकन सोडायचा. इंग्रजी चालीतला ठोका पहिल्या अक्षरावर पडला की गाणाऱ्याला ‘प्र’वर थांबावे लागते, आणि रोजच्या ओठातला शब्द परका वाटू लागतो. एका शब्दाचे हे असे, मग आठ आणि सहा अक्षरांच्या ओळी कडव्यामागून कडवी गायच्या म्हणजे काय होत असेल ते सांगायला नको. शिवाय त्या चाली चार वेगवेगळ्या आवाजांसाठी बांधलेल्या. नगरच्या आसपासच्या खेड्यांतून आलेल्या मंडळींना चार आवाजांची सवय नव्हती. त्यांना सवय होती ती एकाने ओळ टाकायची आणि सर्वांनी ती उचलायची, याची.

ही सवय म्हणजे अडाणीपणा नव्हे. तीही समूहगानाची एक पूर्ण वाढलेली रीत आहे. कीर्तनात बुवा चरण म्हणतो, मागे टाळकरी धृपद धरतात. पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी उभे असतात. युरोपातल्या समूहगानाची खोली एकाच वेळी वर-खाली जाणाऱ्या स्वरांत असते. आपल्याकडची खोली पुनरावृत्तीत असते. तीच ओळ दहाव्यांदा येते तेव्हा ती पहिल्या वेळची राहिलेली नसते. खानदेशाला हे शिकवायची गरजच नव्हती. तापीकाठच्या मेहूणला मुक्ताबाई १२९७ साली विजेच्या कडकडाटात अंतर्धान पावली अशी श्रद्धा आहे, आणि कोथळी-मुक्ताईनगरहून तिची पालखी आजही पायी पंढरीला निघते. विदर्भाची हद्द ओलांडून, मराठवाडा तुडवत जाणाऱ्या या वाटेवर टाळ आणि कंठ एवढीच सामग्री पुरते. अमळनेरला बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा वैशाखात भरते. जळगावात अप्पा महाराजांनी १८७२ साली सुरू केलेला रामरथ कार्तिकी एकादशीला निघतो. या सगळ्या ठिकाणी हजारो माणसे एका सुरात गातात, आणि हातात लिहिलेली चाल एकाच्याही नसते.

मराठी चर्चला हा आवाज दाखवून दिला तो आधी कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी. १८३४ ते १९०८ एवढे आयुष्य लाभलेल्या या कवीने देशी चालींत, पदांत आणि श्लोकांत ख्रिस्ती गाणी लिहिली. नगरच्या ख्रिस्ती मंडळींनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कीर्तनही आपलेसे केले. पूर्वरंग, उत्तररंग, मधे पदे, मागे साथीदार, आख्यान मात्र बायबलातले. त्या पायावर टिळकांनी घर बांधले.

टिळक १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी जन्मले. संस्कृत पक्के, कीर्तनाचा कान लहानपणापासून, आणि तुकाराम तोंडपाठ. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकारामाच्याच वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. त्यांच्या गाण्याकडे पाहिले की हे अक्षरशः पटते. त्यांनी चर्चला अभंग दिला. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचा मोठा अभंग. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचे यमक जुळते, चौथा चरण आखूड पडतो, आणि त्या आखूडपणामुळेच टाळाला श्वास घ्यायला जागा मिळते. यात ठोका कुठे पडायचा हे कोणाला सांगावे लागत नाही. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात दोनशेहून अधिक गीते एकट्या टिळकांची आहेत. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादनही त्यांच्याकडे होते, त्यामुळे नवे गाणे लिहिले की ते लगेच लोकांपर्यंत जात असे. मृत्यूपूर्वी दोन वर्षे, १९१७ मध्ये, त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, येशूला मानणाऱ्या कोणालाही तिथे मज्जाव नव्हता. १९१९ च्या मे महिन्यात ते गेले. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य दहा-अकरा अध्यायांवर थांबले होते. लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय लिहिले. ज्या बाईला लग्नानंतर नवऱ्याने अक्षरे शिकवली, तिने हे करावे, याला मराठी वाङ्मयात जोड नाही.

बालकवी टिळकांच्या आधीच गेले होते. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळच्या भादली स्टेशनात रेल्वेखाली त्यांचा अंत झाला. वय २७.

भुसावळ, जळगाव, चाळीसगाव या रेल्वेच्या गावांत आलेले मिशनरी नगरच्या मंडळींपेक्षा वेगळे. ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या संस्थेने खानदेश आणि वऱ्हाड हा आपला मुलूख मानला. या भागात ‘अलायन्स चर्च’ हे नाव आजही ऐकू येते ते त्यामुळे. पश्चिम खानदेशात, नंदुरबार-नवापूरच्या भिल्ल वस्त्यांत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक आले. ही सगळी मंडळी ज्या वळणाची होती, त्यात प्रवचनाइतकेच गाण्याला महत्त्व. ड्वाइट मूडी या प्रचारकाबरोबर १८७३ पासून इंग्लंड-स्कॉटलंड गाजवणारा आयरा सँकी एका छोट्या ऑर्गनपाशी बसून स्वतः गात असे. ती छबी साऱ्या मिशनरी जगाने उचलली. शिकागोच्या पीटर बिलहॉर्नने १८८० च्या दशकाच्या अखेरीस घडीचा ऑर्गन काढला. पाय दुमडायचे, भाता दाबून बसवायचा, झाकण लावायचे, की मोठ्या सुटकेसएवढी पेटी होते. बैलगाडीत टाकता येते, हमालाच्या डोक्यावर देता येते. अशा ऑर्गनांनी मिशनऱ्यांबरोबर जगभर प्रवास केला.

इथे जरा वाद्यापाशी थांबायला हवे, कारण पुढची गोष्ट त्याच्या पोटात आहे.

मोठ्या चर्चमधला नळ्यांचा ऑर्गन वेगळा. त्याच्यात हवा बासरीसारखी नळीतून वाजते, आणि तो बांधायचा तर भिंत, छत, पैसा सारेच लागते. मिशनऱ्यांनी आणला तो पत्तीचा ऑर्गन. पितळी चौकटीत एक पातळ पत्ती, एका टोकाला घट्ट, दुसऱ्याला मोकळी. हवा सुटली की ती थरथरते आणि सूर निघतो. पॅरिसच्या अलेक्झांडर दबॅँने १८४२ साली याच तत्त्वावर हार्मोनियमचे पेटंट घेतले. हार्मोनियममध्ये भाता हवा बाहेर ढकलतो. अमेरिकेतल्या कारागिरांनी उलटे केले. त्यांच्या ऑर्गनमध्ये पायांनी पेडल दाबले की आत पोकळी तयार होते आणि हवा पत्त्यांमधून आत ओढली जाते. फरक ऐकू येतो. ढकललेल्या हवेचा सूर टोकदार, कडक. ओढलेल्या हवेचा सूर गोल, मऊ, आणि हळूच सुरू होणारा. शिवाय दोन्ही हात मोकळे. उजवा हात गाण्याच्या मागे, डावा खालच्या सप्तकात आधार धरून.

असे ऑर्गन बनवणाऱ्यांत व्हर्माँटची एस्टी आणि बोस्टनची मेसन अँड हॅमलिन या कंपन्या सर्वांत नावाजलेल्या. १८५४ साली निघालेल्या या दुसऱ्या कंपनीतला हेन्री मेसन म्हणजे लोवेल मेसनचा मुलगा. बापाने चाली रचल्या, मुलाने त्या वाजवायचे वाद्य बनवले. दोन्ही गोष्टी समुद्र ओलांडून महाराष्ट्रात आल्या. बापाच्या चाली इथे पाहुण्यासारख्या राहिल्या. मुलाची पेटी मात्र घरची झाली, आणि ती चर्चच्या नव्हे, नाटकमंडळीच्या घरात.

हा बदल एका रात्रीत झालेला नाही. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोषांच्या ‘द्वारकिन’ दुकानाने हाताने भाता मारायची, मांडी घालून वाजवायची पेटी आणली आणि ती देशभर पसरली. महाराष्ट्रात तिला भक्ती आणि तमाशा, दोन्हीकडे जागा मिळाली. पण विद्वान तिच्यावर नाराज. पत्ती एकदा घासून सुरात बसवली की तो सूर पक्का. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यावर निघत नाही, आणि बाविसांपैकी बऱ्याच श्रुती तिच्या बारा पट्ट्यांत बसत नाहीत. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल आणि आयसीएस अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी यावर उपाय म्हणून श्रुति-हार्मोनियम तयार करवून घेतली आणि १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत मांडली. उस्ताद मंडळींना ती पटली नाही.

मग रेडिओ आला. दिल्लीच्या आकाशवाणी केंद्रात पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख होते जॉन फोल्ड्स, इंग्लंडचे रचनाकार. पहिल्या महायुद्धातल्या मृतांसाठी त्यांनी ‘अ वर्ल्ड रिक्विएम’ हे प्रचंड समूहगान रचले होते. ११ नोव्हेंबर १९२३ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ते झाले तेव्हा गायक-वादक मिळून बाराशेच्या आसपास माणसे होती. ज्या माणसाने ऑर्गन आणि हजार कंठ एकत्र बांधले, तोच हिंदुस्थानात आल्यावर पेटीच्या विरोधात उभा राहिला. हिंदुस्थानी गाण्याचा पोत या पेटीने बिघडतो, असे त्यांनी १९३८ मध्ये लिहिले. पुढच्या वर्षी कोलकात्यात ते वारले, आणि १ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर हार्मोनियम बंद झाली. ती बंदी तीन दशके टिकली. फोल्ड्स यांचे कान खरे होते, आक्षेपही खोटा नव्हता. पण वाद्य कसे वापरले जाते याकडे त्यांनी पाहिले नाही, आणि ते महाराष्ट्रात रंगमंचावर पाहायला मिळाले असते.

ते पाहायचे तर पुन्हा जळगावला यायला हवे. १८८८ साली जन्मलेल्या नारायण श्रीपाद राजहंस या मुलाचे लहानपण काही काळ जळगावात, नातेवाइकांकडे गेले. शाळेत तो फार रमला नाही. गाण्यात रमला. गावातच मेहबूबखाँ यांनी त्याला संगीताचे पहिले धडे दिले. पुढे पुण्याला लोकमान्यांनी त्याचे गाणे ऐकून ‘बालगंधर्व’ म्हटले आणि १९०५ मध्ये तो किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाला. खानदेशात एक उस्ताद एका मुलाला सा धरायला शिकवतो, यापलीकडे त्या जळगावच्या दिवसांत काही घडलेले दिसत नाही. पण तो सा पक्का बसला म्हणून पुढचे सगळे झाले.

१९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. भागीदार तिघे: बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे. टेंबे मुळात हार्मोनियमवादक. १९११ च्या ‘मानापमान’ला चाली त्यांच्याच. पूरबच्या ठुमरी-कजरीचा रंग मराठी पदांत त्यांनी आणला. पेटीवर हुकूम असलेला माणूस संगीतकार झाल्यावर काय होते ते त्या नाटकाने दाखवले. पुढे याच मंडळीत ऑर्गनने आपले स्थान घेतले. हरिभाऊ देशपांडे ऑर्गनवर, कादरबक्ष सारंगीवर, अहमदजान थिरकवा तबल्यावर. ही साथ ज्यांनी ऐकली त्यांनी तिच्याबद्दल आयुष्यभर सांगितले.

या मांडणीत विद्वानांच्या आक्षेपाला उत्तर होते. मींड सारंगी घेते, श्रुतीचा बारकावा गळा घेतो, आणि ऑर्गन खाली शांतपणे जमीन धरून राहतो. गायक तान संपवून षड्जावर येतो तेव्हा तो षड्ज आधीपासून तिथे असतो. बालगंधर्वांचा गळा लांबच्या सुरावर फारच सुंदर ठरत असे, आणि अशा ठरण्याला ओढलेल्या हवेचा गोल सूर जसा मानवतो तसा हातपेटीचा टोकदार सूर मानवत नाही. न बोलता सोबत करणारे वाद्य लागते, आणि ती सोबत करायला वादकाला फार संयम लागतो. हरिभाऊंचे मोठेपण तिथेच होते.

आणि मग १९३१ मध्ये ‘संत कान्होपात्रा’ आले. नाटक ना. वि. कुलकर्णींचे, चाली मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांच्या. १८९८ साली आळंदीला जन्मलेला, भास्करबुवा बखल्यांच्या तालमीत तयार झालेला हा माणूस. मंगळवेढ्याच्या गणिकेच्या पोटी जन्मलेली कान्होपात्रा बिदरच्या बादशहाचे बोलावणे नाकारून विठ्ठलाच्या पायाशी देह ठेवते. बालगंधर्व कान्होपात्रेच्या वेषात अभंग गात. नाटकमंडळी कर्जात होती, बोलपट दारात उभा होता, तरी या अभंगांनी थिएटरे भरली. त्या काळात नाटक पाहून लोक घरी जाऊन तेच अभंग भजनात म्हणू लागले. बोस्टनच्या उपासनेसाठी बनलेले वाद्य पंढरीच्या उपासनेची साथ करू लागले होते, आणि कोणालाच त्यात वावगे वाटले नाही.

नगरला टिळकांनी जे केले त्याच्या हे अगदी उलट दिशेने आले. टिळकांनी परक्या धर्माला घरचा छंद दिला. कृष्णरावांनी घरच्या छंदाला परके वाद्य दिले. दोघांची भेट झाली असती तरी बोलणे कदाचित जमलेच नसते. पण एका गोष्टीवर दोघांचे कान एकच होते. उपासनेच्या गाण्यात शब्द कुठे थांबतो हे आधी ठरते, वाद्य नंतर येते.

मास्टर कृष्णरावांनी याच्या पुढचेही एक काम केले, आणि ते नाट्यसंगीताच्या गप्पांत हवे तेवढे येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या इच्छेवरून १९५६ मध्ये त्यांनी पाली बुद्धवंदनेला चाल दिली आणि तिचे ध्वनिमुद्रण झाले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा झाली. लाखो माणसांनी एका दिवसात नवा धर्म घेतला, आणि त्या लाखोंना एकत्र म्हणता येईल असे काही तातडीने हवे होते. भाषा पाली, बहुतेकांना अनोळखी. चाल अवघड असती तर त्रिशरण-पंचशील मोजक्या भिक्खूंपुरतेच राहिले असते. ख्यालगायकाने इथे तान, हरकत, सगळे बाजूला ठेवले. आज जळगाव, भुसावळ, धुळे, साक्री, कुठल्याही विहारात बुद्धवंदना सुरू झाली की लहान मुले, म्हातारी माणसे, सर्व एका सुरात येतात. समूहासाठी रचना करणाऱ्याची खरी परीक्षा हीच असते, आणि त्या परीक्षेत आळंदीचा हा माणूस पूर्ण उतरला.

धुळ्याने या इतिहासात वेगळ्या वाटेने भर घातली, वाद्याशिवाय. शंकर श्रीकृष्ण देवांनी १८९३ साली तिथे सत्कार्योत्तेजक सभा स्थापली आणि गावोगावचे मठ पालथे घालून रामदासी हस्तलिखिते गोळा केली. समर्थ वाग्देवता मंदिरात ती आज जपलेली आहेत. ‘मनाचे श्लोक’ भुजंगप्रयातात आहेत, २०५ श्लोक, एकच चाल, आणि शाळकरी पोरांच्या रांगेलाही तो ठेका चुकत नाही. मग १९३२ मध्ये विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी ते गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते शब्दन्‌शब्द उतरवून घेतले. विनोबांच्या ‘गीताई’ची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी धुळ्यात छापली गेली. मराठी घरांत ‘गीताई’ सर्वांनी मिळून म्हणण्याची रीत पडली ती तेव्हापासून, आणि तिला पेटी लागली नाही.

जळगावात दर जानेवारीत चांदोरकर प्रतिष्ठान बालगंधर्व संगीत महोत्सव भरवते. गावाने आपल्या एका विद्यार्थ्याची आठवण इतक्या निष्ठेने राखावी, याचे कौतुक वाटते. पत्तीचे ऑर्गन मात्र आता फारसे कोणी बनवत नाही. एस्टीचा कारखाना १९६० मध्ये बंद पडला, मेसन अँड हॅमलिनने त्याच्या कितीतरी आधी ऑर्गन सोडून पियानोकडे लक्ष वळवले. महाराष्ट्रात जे जुने ऑर्गन उरले आहेत ते बहुतेक शंभर वर्षांच्या आसपासचे आहेत. पावसाळ्यात लाकूड फुगते, पट्टी अडकते. भात्याचे कातडे आणि कापड चिरते. उंदरांना तर ते फार आवडते. गोविंदराव पटवर्धन, तुळशीदास बोरकर यांसारख्या वादकांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या वाद्याची विद्या टिकवली. त्यांच्यामागून जे आले ते हार्मोनियम शिकून मग ऑर्गनकडे वळतात. दुरुस्ती करणारे कारागीर पत्ती घासून सुरात आणतात, झाकण, भाता, पट्ट्या नव्याने करतात. चर्चमध्ये आणि नाटकाच्या प्रयोगात, दोन्हीकडे आता इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आला आहे आणि त्यावर ‘ऑर्गन’ असे एक बटण असते.

टिळकांची गाणी ‘उपासना संगीत’मध्ये छापलेली आहेत, ती कुठे जात नाहीत. चालींचे तसे नाही. पुस्तकात अभंगाचे शब्द मिळतात. भुसावळच्या मंडळीत तो अभंग कोणत्या वळणाने म्हणतात, नंदुरबारकडच्या भिल्ल ख्रिस्ती वस्तीत त्यावर ढोल आला की त्याची लय कशी बदलते, चाळीसगावच्या म्हाताऱ्या बाया शेवटचा चार अक्षरांचा चरण किती लांबवतात, हे पुस्तकात नाही. रामदासी हस्तलिखिते गोळा करणारे देव ज्या चिकाटीने गावोगाव हिंडले, तीच चिकाटी या चालींसाठी लागेल. ध्वनिमुद्रण करायला आता खिशातला फोन पुरतो. उत्तर महाराष्ट्राच्या विद्यापीठाला आज बहिणाबाईंचे नाव आहे, आणि बहिणाबाईंच्या ओव्या राहिल्या त्या सोपानदेवांनी आणि कुटुंबातल्यांनी त्या वेळीच टिपून ठेवल्या म्हणून. पिकलेल्या गळ्यांतल्या या चाली उतरवून घ्यायला खानदेशातले संगीताचे विद्यार्थी चांगले उपयोगी पडतील, आणि कामाला सुरुवात भुसावळपासून करता येईल.